द वायर: चौथ्या सीझनवर थांबायचं की पाचवाही बघायचा?

द वायर या अमेरिकन टीव्ही मालिकेचा चौथा सीझन संपवलेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, की आता पाचवा बघू का नको, कारण सगळीकडे ऐकलंय की शेवटचा तेवढा जमलेला नाही आणि चौथ्यानंतर मन ज्या अवस्थेत आहे त्याचा विचका करून घ्यायचा नाहीये. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पाचवा आधीच्या चारांच्या तोडीचा नाही, पाचांमध्ये तोच सगळ्यात कच्चा आहे, पण चौथा बघितला असेल तर पाचवा सोडू नका, कारण चौथ्यातल्या त्या चार पोरांचं पुढे काय होतं ते फक्त तिथेच कळतं आणि तेवढा भाग कुठल्याही आधीच्या सीझनच्या बरोबरीने उभा राहतो.

स्पॉयलरचं आधी बोलून घेतो. चौथ्यापर्यंतचं मी मोकळेपणाने लिहिणार आहे. पाचव्यात कोण जातं, कोण राहतं, कोणाचं काय होतं हे अजिबात सांगणार नाही, फक्त सुरुवातीच्या भागांत जी मांडणी होते ती सांगावीच लागेल, नाहीतर तुलना कशाची करणार.

ज्यांनी अजून काहीच बघितलं नाही त्यांच्यासाठी पटकन: एचबीओची मालिका, जून 2002 ते मार्च 2008, गोष्ट अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची. दर सीझनला शहराचा एकेक कोपरा उघडत जातो, पहिल्यात ड्रग्जचा धंदा आणि त्याच्यामागे लागलेले पोलीस, दुसऱ्यात बंदर आणि तिथली गोदी कामगारांची युनियन, तिसऱ्यात महापालिकेचं राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वर्तमानपत्र. भागांची संख्या 13, 12, 12, 13 आणि 10, एकूण 60. शेवटचा आकडा लक्षात ठेवा, त्याचा पुढे संबंध येणार आहे. आणि दोन नावंही लक्षात ठेवा, डेव्हिड सायमन, जो मालिका करायच्या आधी बाल्टिमोर सन या पेपरात बरीच वर्षं क्राइम रिपोर्टर होता, आणि एड बर्न्स, जो बाल्टिमोर पोलिसांत डिटेक्टिव्ह होता आणि निवृत्तीनंतर तिथल्याच सरकारी शाळेत शिकवायला लागला. चौथा एवढा का जमला आणि पाचवा का लंगडतो याचं अर्धं उत्तर मला या दोघांमध्येच दिसतं.

चौथ्याबद्दल बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. प्रेझबिल्युस्की, ज्याला पहिल्या सीझनमध्ये आपण सगळे नालायक पोलीस म्हणून बघत होतो, तो गणिताचा मास्तर होऊन टिलमन मिडल स्कूलमध्ये येतो आणि त्याला वर्ग सांभाळताच येत नाही. बर्न्सने हे सगळं स्वतः भोगलेलं आहे आणि ते प्रत्येक प्रसंगात जाणवतं. सुरुवातीच्या भागांतला एक प्रसंग सांगतो. वर्गात एक मुलगी दुसरीच्या तोंडावर ब्लेडने वार करते, आरडाओरडा, रक्त, सगळी पोरं भिंतीला चिकटलेली, आणि वार करणारी मुलगी स्वतःच सुन्न होऊन खाली बसलीये. तेव्हा डुकी, ज्याच्या अंगाला वास येतो म्हणून कोणी शेजारी बसत नाही तो डुकी, हळूच तिच्याजवळ जाऊन बसतो आणि त्याने स्वतः दुरुस्त केलेला छोटासा बॅटरीवरचा पंखा तिच्या चेहऱ्यासमोर धरतो. एक शब्द बोलत नाही. मास्तर, पोलीस, शाळेची सगळी सिस्टिम तिथे हजर आहे आणि त्या मुलीला त्या क्षणी काय हवंय हे कळलं फक्त त्याला. असं दृश्य कल्पनेने लिहायला कठीण, ज्याने अशा वर्गात उभं राहून वर्षं काढलीयेत त्यालाच असं सुचतं.

आणि चौथ्यात दुष्ट असा कोणी नाहीच. मुख्याध्यापिका वाईट नाहीये, तिला परीक्षेचे आकडे वर न्यायचेत कारण तिच्यावरून तेच मागणं येतंय. पोलीस कार्व्हर वाईट नाहीये, त्याला चार पोरांतल्या रँडीला खरंच वाचवायचंय, आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रँडी त्याच्या पाठीमागे जे ओरडतो ते ऐकूनही तो काही करू शकत नाही. त्या चौघांतल्याच नेमंडचा बाप वी-बे, पहिल्या सीझनमधला थंड डोक्याचा खुनी, तुरुंगात बसून आपल्या पोराला कोल्विन या माजी पोलीस मेजरच्या हाती सोपवायला तयार होतो. चार पोरं, त्यातलं एक वाचतं, आणि जे वाचतं ते सगळ्यात लायक होतं म्हणून वाचलं असंही नाही. (पोरांना अभिनय शिकवायला रॉबर्ट च्यू होता, म्हणजे मालिकेतला आपला ड्रग्जचा व्यापारी प्रॉप जो. एवढी ताकदीची कामं त्या वयाच्या मुलांकडून कशी निघाली हे ते कळल्यावर जरा समजतं.)

आता पाचवा.

चौथ्याच्या शेवटी शाळांच्या बजेटमध्ये 5 कोटी 40 लाख डॉलरचा खड्डा निघतो आणि नवा महापौर कार्केटी राज्यपालाकडून पैसे घ्यायला नकार देतो, कारण उद्या त्याला स्वतःला राज्यपालपदासाठी उभं राहायचंय. पाचवा उघडतो तेव्हा त्या निर्णयाचं बिल पोलिसांच्या माथ्यावर आलेलं आहे. ओव्हरटाइमचे पैसे थकलेत, गाड्या खिळखिळ्या झाल्यात, आणि ओसाड घरांमध्ये सापडलेल्या 22 प्रेतांचा तपास, म्हणजे ड्रग्जच्या धंद्यातला नवा म्होरक्या मार्लो याच्या मागचा तपास, गुंडाळला जातो. इथपर्यंत सगळं अगदी वायरच्या जातीचं आहे, एका माणसाची महत्त्वाकांक्षा तिकडे आणि त्याची किंमत मोजणारे इकडे.

मग मॅकनल्टी, पहिल्या सीझनपासूनचा आपला डिटेक्टिव्ह, एक गोष्ट करतो. शवागारात त्याला कळतं की मेल्यानंतर झालेल्या खुणाही गळा दाबल्यासारख्या दिसू शकतात, आणि तो बेघर माणसांच्या प्रेतांशी छेडछाड करून शहरात एक सिरियल किलर फिरतोय असा बनाव रचतो, जेणेकरून घाबरून तरी वरचे पैसे सोडतील. बघणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच वैतागतात. असं कधी होईल का हो, असं म्हणतात.

मला वाटतं 'असं होईल का' हा आक्षेप पुरता बरोबर नाही. तिसऱ्या सीझनमध्ये कोल्विनने काय केलं होतं? एका पोलीस मेजरने वरिष्ठांना न सांगता ओसाड गल्ल्या ड्रग्ज विकायला मोकळ्या करून दिल्या, त्यालाच हॅमस्टरडॅम म्हणतात, ते तरी कुठे रोज होणारं होतं. पण ते आपण मानलं. कारण कोल्विन तिथपर्यंत पायरी पायरीने पोचतो, त्याची निवृत्ती जवळ आलीये, त्याचा एक माणूस किरकोळ कारवाईत गोळी खातो, मग तो आपल्या पोलिसांसमोर दारूची बाटली कागदी पिशवीत घालून पिणाऱ्यांवरचं ते भाषण देतो, आणि तोपर्यंत आपल्यालाच वाटायला लागतं की बरोबर आहे याचं, दुसरं करणार काय. मॅकनल्टीला एवढा वेळ मिळतच नाही. दुसऱ्याच भागाच्या शेवटी व्हिस्कीची बाटली हातात घेऊन तो प्रेताला हात घालतो, त्याचा जोडीदार बंक तोंड फिरवून निघून जातो, आणि आपणही बंकच्या बाजूचे असतो. त्यात भर म्हणजे चौथ्यात हा माणूस सुधारला होता, दारू कमी, साधी गस्त, मैत्रीण बीडी आणि तिच्या मुलांबरोबर घर, आणि पाचव्याच्या पहिल्याच भागात तो परत प्यायला लागलेला आहे, बाया परत सुरू, आणि हे सगळं मधल्या काळात कॅमेऱ्याच्या मागे घडून गेलंय. एवढा मोठा उतार आपल्याला दाखवायलाच हवा होता. आणि मॅकनल्टीपेक्षाही मला लेस्टर हा जुना डिटेक्टिव्ह जास्त खटकतो, कारण लेस्टर म्हणजे संयम, कागद, पैशाचा माग, ज्याने आधीच्या सीझनमध्ये तरुणांना हे शिकवलं, तो या बनावात इतक्या सहज सामील होतो की मी तो भाग परत मागे नेऊन बघितला की मधलं काही सुटलं का.

इथेच तो 10 चा आकडा नडतो. आधीच्यांसारखे 12-13 भाग असते तर हाच उतार सावकाश दाखवता आला असता.

पण घाईचं कारण एका जागी चालत नाही, ती म्हणजे पेपरचं, बाल्टिमोर सनचं, ऑफिस. ते थोडक्यात उरकलंय असं नाही, त्याला भरपूर वेळ मिळतो आणि तरी ते सपाट राहतं. सिटी डेस्कचा एडिटर गस हेन्स आहे, हुशार, प्रामाणिक, रिपोर्टरांच्या पाठीशी उभा राहणारा. समोर स्कॉट टेम्पलटन, पुढे जायची घाई असलेला रिपोर्टर, जो आधी एखाद-दुसरं वाक्य बनवतो आणि मग पूर्ण बातम्याच. त्याच्या वर पुलित्झर या पत्रकारितेच्या पुरस्काराकडे डोळे लावून बसलेले दोन बडे संपादक. बस, गस चांगला, टेम्पलटन वाईट, साहेब मूर्ख. ज्या मालिकेने खुनी वी-बेला बाप म्हणून दाखवलं त्या मालिकेत हे एवढं काळं-पांढरं कसं आलं? सायमन स्वतः 1995 साली त्या पेपरातून बाहेर पडला आणि तिथल्या वरिष्ठांवरचा राग त्याने कधी लपवला नाही, हे जगजाहीर आहे, आणि तो राग इथे लिखाणात उतरलाय. बर्न्सच्या शाळेत राग नव्हता का, होता, पण त्याने मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसूनही बघितलं. सायमनने त्या संपादकांच्या खुर्चीत बसून एकदाही बघितलं नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसऱ्या सीझनशी ताडून बघा म्हणजे आणखी लक्षात येईल. दुसराही सुरू झाला तेव्हा लोक वैतागले होते, हे गोदीवाले कोण, आमचे पहिल्या सीझनमधले ड्रग्जवाले एव्हन आणि स्ट्रिंगर कुठेत. पण चार-पाच भागांत फ्रँक सोबोत्का आपला होऊन जातो, कारण त्याचा बार माहितीये, त्याची युनियन माहितीये, चर्चच्या खिडकीवरून त्याने घातलेला घोळ माहितीये, त्याचा वाया गेलेला पोरगा झिगी माहितीये. पेपरमधल्या लोकांना ऑफिसबाहेर घरच नाही म्हणा ना. म्हणून ज्या दोन-तीन वेळा कॅमेरा त्यांच्या मागे बाहेर जातो तेवढ्याच वेळा ते खरे होतात. एका रात्री गस झोपेतून दचकून उठतो, बातमीतले आकडे आपल्याकडून उलटसुलट तर झाले नाहीत ना, आणि डेस्कला फोन करून तपासायला लावतो. चूक झालेली नसते. एवढंच. ज्याने कधी डेस्कवर काम केलंय, मराठी पेपरात असो की कुठे, त्याला ही रात्र माहितीये. तसंच अल्मा, नवीन रिपोर्टर, तिहेरी खुनाची आपली बातमी पहिल्या पानावर आली असेल म्हणून भल्या पहाटे पेपर शोधत फिरते, आणि बातमी सापडते ती आतल्या पानावर, कापून छोटी केलेली. मेलेली माणसं शहराच्या कुठल्या भागातली आहेत यावर पान ठरतं. वायर हे असं बोलते, दोन मिनिटांत. असे प्रसंग जास्त असते आणि टेम्पलटनचं खोटं थोडं मागे राहिलं असतं तर हा सीझन चौथ्याच्या शेजारी बसला असता.

कारण मुद्दा जबरदस्त आहे. आपण 50 भाग जे शहर बघितलं, कोण कोणाला का मारतो, शाळेत काय चाललंय, पैसा कुठून कुठे जातो, ते त्या शहराच्याच पेपरला दिसत नाही. पाचव्यात मोठ्या मोठ्या गोष्टी घडतात आणि न्यूजरूममध्ये त्यांची दखल एका ओळीचीही नसते, किंवा नावच चुकीचं असतं, आणि कोणी त्यावर भाषण देत नाही. बघताना या जागांवर लक्ष ठेवा. टेम्पलटनकडे बघता बघता त्या निसटतात.

दोन्ही सीझनचे पहिले प्रसंग एकापाठोपाठ लावून बघण्यासारखे आहेत. चौथा उघडतो हार्डवेअरच्या दुकानात, मार्लोची हस्तक स्नूप खिळे ठोकायची मशीन विकत घेतेय, सेल्समन अगदी आपुलकीने कुठली चांगली कुठली नाही ते समजावतोय, आणि ती कॅश मोजून वरचे पैसे त्यालाच ठेवायला सांगते. ती मशीन कशासाठी आहे हे आपल्याला नंतर कळतं आणि पोटात गोळा येतो. पाचवा उघडतो पोलीस स्टेशनमध्ये, बंक आणि मंडळी एका संशयिताचा हात झेरॉक्स मशीनवर ठेवून हे खोटं पकडणारं यंत्र आहे असं त्याला पटवतात, मशीनमधून 'खरं', 'खोटं' छापलेले कागद निघतात आणि तो पोरगा फुटतो. बघताना मजा येते, आणि पुढच्या दहा भागांत काय होणार ते सगळं त्यात आहे, की आपलं खोटं चांगल्या कामासाठी आहे असं वाटायला लागलं की माणूस किती पुढे जातो. म्हणजे पाचव्याला काय सांगायचंय हे पहिल्या मिनिटापासून पक्कं आहे, तक्रार असलीच तर ती वाट किती नीट आखली याबद्दल आहे.

आता ज्यासाठी पाचवा बघायचा ते.

बबल्स, पहिल्या सीझनपासूनचा व्यसनी. चौथ्याच्या शेवटी तो, त्याने सांभाळलेल्या शेरॉड या पोराच्या मृत्यूने मोडून पडलेला, आपण सोडला होता. पाचव्यात तो नशा सोडून शुद्धीवर आहे, बहिणीच्या घरी तळघरात राहतो, आणि बहीण बाहेर जाताना वरच्या घराचं दार बंद करून जाते, कारण यापूर्वी त्याने काय काय केलंय ते ती विसरलेली नाही. तो तक्रार करत नाही. रस्त्यावर उभा राहून पेपर विकतो, तोच बाल्टिमोर सन. पुढे एक रिपोर्टर त्याच्याबरोबर फिरायला लागतो आणि न्यूजरूमची कथा पहिल्यांदाच खऱ्या रस्त्यावर येते. आंद्रे रॉयोने पाचही सीझन हे काम केलंय पण पाचव्यात तो जे करतो ते मला पूर्ण मालिकेतलं सर्वोत्तम वाटतं, आणि हे म्हणताना मला मायकल विल्यम्सचा ओमार, ड्रग्जवाल्यांना लुटणारा, आठवतोय, तरी म्हणतो.

टायटलचं गाणं पाचही सीझनला एकच, गाणारे वेगळे. चौथ्याला बाल्टिमोरच्याच पोरांनी गायलंय आणि पाचव्याला स्टीव्ह अर्लने, जो मालिकेत बबल्सला आधार देणारा वेलन झालाय. म्हणजे चौथा पोरांचा आणि पाचवा व्यसनातून उठू बघणाऱ्यांचा, हे गाण्यातूनच सांगितलंय असं मी मानतो.

आणि पोरं. मायकल, डुकी, रँडी, नेमंड. पाचव्यात त्यांना वेळ कमी मिळतो, रँडी तर अगदी थोडा वेळ दिसतो, पण तेवढ्यात चौथ्यातलं हॉस्पिटलचं कॉरिडॉर परत आठवतं आणि बोलवत नाही. चौथ्याच्या पहिल्या भागात ही पोरं दुसऱ्या गल्लीतल्या पोरांवर लघवी भरलेले फुगे मारतात, हसण्यावारी नेण्यासारखा प्रसंग, आपण विसरूनही जातो. तो विसरू नका. पाचव्याच्या नवव्या भागात एका गाडीत दोन जण बसलेत आणि त्या फुग्यांचा विषय निघतो. मी यापेक्षा जास्त सांगणार नाही. पूर्ण पाचव्या सीझनचे सगळे दोष माझ्या हिशोबात त्या एका गाडीपुढे माफ आहेत. डुकी आणि प्रेझची सुद्धा एक भेट आहे, शाळेपाशी, दोघांनाही सगळं कळतंय आणि दोघंही ते बोलत नाहीत.

मग कोणी काय करावं. जर तुम्हाला मालिकेत तपास जास्त आवडला असेल, पेजर, वायरटॅप, छतांवर बसून कोड फोडणं, तर खरं सांगतो, तुमच्यासाठी पहिला आणि तिसरा हेच सर्वोत्तम आहेत आणि पाचव्यात तुमची सगळ्यात जास्त निराशा होईल, कारण ज्या लोकांचा कामावर विश्वास होता तेच आडवाटेने जाताना दिसतात. तिसऱ्यावर थांबलेले लोकही मला भेटलेत, स्ट्रिंगर-एव्हनची गोष्ट तिथे पूर्ण होते आणि तेव्हा पुढचा सीझन येईल की नाही याचीही खात्री नव्हती, चौथा यायला जवळजवळ पावणेदोन वर्षं गेली, त्यामुळे ते थांबणं समजण्यासारखं आहे. पण चौथा बघून थांबणं मला समजत नाही. चौथा मुद्दाम अर्धा ठेवलेला आहे. अजून काहीच सुरू केलं नसेल आणि शेवट कच्चा आहे म्हणून हात लावत नसाल, तर तसं करू नका. शेवटी सगळं उधळून लावणाऱ्या मालिका आपण बघितल्यात, तसं इथे नाहीये. शेवटच्या भागाच्या लेखनाला 2008 मध्ये एमीचं नामांकन होतं, आणि अख्ख्या मालिकेला मिळालेली एमी नामांकनं दोनच आहेत, त्यातलं हे एक, बक्षीस मात्र एकही नाही.

बघायची पद्धत म्हणाल तर चौथा संपल्यावर फार मोठी सुट्टी घेऊ नका, पोरांचे चेहरे आणि बारीक प्रसंग ताजे हवेत. सबटायटल लावा, बाल्टिमोरच्या कोपऱ्यांवरची बोली इंग्रजी चांगलं येणाऱ्यालाही झेपत नाही. पाचव्याच्या पहिल्या तीन भागांत चिडचिड होईल, विशेषतः मॅकनल्टीवर, ती होऊ द्या आणि सहाव्यापर्यंत तरी निर्णय घेऊ नका. आणि नववा रात्री उशिरा लावलात तर दहावा लगेच लावू नका, तो दीड तासाचा आहे, दुसऱ्या दिवशी मोकळा वेळ काढून बघा.